भोर-वेल्ह्याच्या घाटवाटा : खुणा आणि नोंदी

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले भोर आणि वेल्हे हे दोन तालुके सह्याद्रीच्या माथ्याला टेकून आहेत. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. पूर्वेला पुणे-सातारा रस्ता, पश्चिमेला रायगड जिल्ह्यातला महाड तालुका आणि मधे गुंजवणी, कानंदी, वेळवंडी, नीरा या नद्यांची अरुंद खोरी. ही खोरी पश्चिमेकडे चढत जातात आणि एकाएकी संपतात. पुढे कडा. काही ठिकाणी तो पाचशे मीटरहून अधिक खोल तुटलेला आहे. या कड्यातून कोकणात उतरणाऱ्या वाटा म्हणजे घाटवाटा. मोटाररस्ते होण्याआधी देशाचा आणि कोकणाचा सारा व्यवहार त्यांच्यावरून चाले.

मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर येत. गूळ, मिरची, कांदा, तूप आणि रानातला हिरडा खाली जाई. महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर या व्यापाराचे खालचे टोक होते. सैन्य याच वाटांनी गेले, जासूद गेले, वऱ्हाडे गेली, माहेरवाशिणी गेल्या. घाटमाथ्यावरच्या गावांची सोयरीक जितकी भोर किंवा नसरापूरकडच्या गावांशी, तितकीच कड्याखालच्या वाड्यांशी असे. या भागात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला घाटवाट प्रथम कळते ती अशी : आजीचे माहेर जिकडे आहे तिकडची वाट. तिचे इतिहासातले स्थान त्याला पुष्कळ उशिरा समजते आणि तेव्हा तो तीच वाट पुन्हा, वही-पेन्सिल घेऊन, चालायला निघतो. वाटांची नोंद करण्याचे बरेच काम अशाच स्थानिक मंडळींनी केले आहे. शिक्षक, तलाठी, वनरक्षक, सुटीला गावी येणारे नोकरदार आणि पुण्या-मुंबईचे गिर्यारोहक यांच्या पायपिटीतून आजची माहिती जमली आहे.

घाटवाटांचे प्रकार त्यांच्या घडणीवरून पडतात. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांचा, काळ्या बेसॉल्टचा. जिथे सोंड हळूहळू खाली उतरते तिथे जनावर चालू शकेल अशी रुंद वाट काढता आली. तिला घाट म्हणतात. जिथे कातळातल्या भेगेने पाण्याला वाट दिली आणि घळ तयार झाली तिथे नाळ. नाळेत दगडधोंड्यांचा खच असतो. माणूस हातापायांनी उतरतो, बैल उतरत नाही. जिथे सरळ कातळच आडवा येतो तिथे खोबणी खोदून किंवा लाकडाची शिडी लावून निसण केलेली असते. कडा बहुतेक ठिकाणी एका दमात उतरत नाही. मध्यावर एक सपाट पट्टा सोडतो. त्याला पदर म्हणतात. पदरात पाणी, सावली आणि एखादा धनगरवाडा मिळतो, म्हणून वाटेचा मुक्काम बहुधा तिथेच पडे.

उत्तरेकडून सुरुवात केली तर वेल्हे तालुक्याच्या अगदी पश्चिमेची मोहरी, सिंगापूर, एकलगाव ही गावे आधी येतात. मोहरीच्या पुढचे रायलिंगाचे पठार लिंगाण्याच्या समोरच उभे आहे. लिंगाण्याचा सुळका, त्यामागे रायगडाचा डोंगर आणि दोहोंच्या मधली खोल दरी इथून एका नजरेत दिसते. शिवकालात राजगडावरून रायगडाकडे राजधानी का आणि कशी सरकली, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा या पठारावर उभे राहून लवकर समजते. १६४६ च्या सुमारास तोरणा हाती आला, मग राजगड उभा राहिला आणि सुमारे पाव शतक राज्याचा कारभार तिथून चालला. १६७४ चा राज्याभिषेक रायगडावर झाला. राजगड, तोरणा आणि रायगड हे तिन्ही किल्ले सरळ रेषेत नसले तरी एका चालीच्या अंतरात आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून निघालेली डोंगराची धार तोरण्याच्या बुधला माचीला भिडते, तोरण्याच्या पश्चिमेकडून वाट मोहरीला येते आणि बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याजवळून खाली पाने गावात उतरते. तिथून रायगड. आजचे गिर्यारोहक ही वाट मोठ्या हौसेने चालतात.

बोराट्याची नाळ पाहिल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते : इथून बोजा वाहणारे बैल गेले नाहीत. ही निरोप्याची, टेहळ्याची, फार तर डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाची वाट. सिंगापूरची नाळ आणि आग्यानाळ या शेजारच्या वाटाही अशाच. राजधानीचा माल, तोफा, धान्य यांना दुसरा, सोपा घाट लागे. म्हणून कोणत्याही घाटाबद्दल ‘इथून सैन्य गेले’ असे कोणी सांगितले की नोंद करणाऱ्याने आधी वाटेची रुंदी आणि उतार पाहावा.

असा सोपा घाट थोड्या दक्षिणेला, केळद गावाजवळ आहे. मढे घाट हा वेल्ह्यातला सर्वांत परिचित घाट. वेल्ह्याहून भट्टी, पासलीमार्गे डांबरी रस्ता केळदपर्यंत येतो आणि घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात लक्ष्मी धबधबा कोसळतो. शनिवार-रविवारी इथे मोटारींची रांग लागते. त्यातले बहुतेक लोक धबधब्यापाशी थांबून परत फिरतात. घाट सुरू होतो तो त्यांच्या पाठीमागे. खाली कर्णवाडी आहे, पुढे वाट महाड तालुक्यातल्या गावांना जाते. जवळच केळदहूनच उतरणारा उपांड्या घाट आहे. एकाने उतरून दुसऱ्याने चढावे, असा दिवसभराचा फेरा आज पुष्कळ जण करतात.

सिंहगड घेताना ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह मढे घाटाने कोकणात, पोलादपूरजवळच्या उमरठला नेला, असे या भागात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. ही लोकपरंपरा आहे आणि ती परंपरा म्हणूनच नोंदवली पाहिजे. तिचे मोल त्याने कमी होत नाही. सिंहगडाहून उमरठला जाणाऱ्या माणसांनी रुंद, मळलेली वाट धरली असणार, हे केळदच्या कोणत्याही म्हाताऱ्याला सांगावे लागत नाही.

मढे घाटाची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. झाडीत शिरल्यावर वाट दरीच्या बाजूने चुना न वापरता रचलेल्या दगडांवर पेललेली दिसते. मोठे धोंडे खाली, लहान वर, आणि फटीत चिपा ठोकलेल्या. पायऱ्या आहेत तिथे त्या उंचीला कमी आणि लांबीला भरपूर आहेत. ओझ्याच्या बैलाला उंच पायरी चढवत नाही. त्याला पुढचे दोन पाय टेकवून मागचे ओढायला जागा लागते. माणसांसाठी खोदलेल्या गडाच्या पायऱ्या गुडघाभर उंच असतात, या वीतभरही नाहीत. वळणावर वाट मुद्दाम रुंद केलेली असते, कारण दोन्ही बाजूंना गोणी लादलेला बैल वळताना अधिक जागा घेतो आणि समोरून दुसरा तांडा आला तर कोणी तरी थांबायला हवे. काही दगड मधोमध झिजून खळगे पडले आहेत आणि ते गुळगुळीत आहेत. पाण्याने दगड झिजतो तो उताराच्या दिशेने. हे खळगे मात्र पायरीच्या मध्यावर, पाऊल पडते तिथे आहेत. एवढे पाहिले की कागद हाती नसतानाही या वाटेचा उपयोग कळतो.

दक्षिणेला गोप्या, सुनेभाऊ अशा वाटांनंतर भोर तालुक्याचा वरंधा घाट येतो. या सगळ्यांत मोटाररस्ता झाला तो याच घाटात. भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेने, हिर्डोशीवरून रस्ता शिरगावला येतो. इथे रस्त्याजवळच्या कुंडात नीरेचा उगम मानतात. पुढे घाटाच्या तोंडाशी कावळ्या किल्ला. रस्ता किल्ल्याच्या सोंडेला कापूनच गेला आहे, त्यामुळे वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी खाऊन पुढे जाणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांना आपण किल्ल्यात बसलो होतो हे कळतही नाही. कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र जागेवर आहेत. खाली शिवथरची घळ दिसते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये तिचा शोध लावला आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाशी तिचे नाव जोडले गेले.

वाघजाई आणि टाके यांची जोडी या साऱ्या घाटांत पुन्हा पुन्हा भेटते. चढ संपतो तिथे देव, देवाच्या आसपास पाणी, पाण्याजवळ सावली आणि सावलीत बसायला जागा. जकातीची चौकीही बहुधा याच जागी बसे, कारण दमलेला तांडा इथे थांबल्याशिवाय पुढे जात नसे. अनुभव असा की वाट झाडोऱ्यात हरवली तर आधी शेंदूर लावलेला दगड शोधावा. तो सापडला की पाणी सापडते आणि पाणी सापडले की वाट. सतीशिळा आणि वीरगळ यांचेही तसेच. ते बहुधा गावाच्या शिवेवर किंवा देवळाच्या आवारात असतात. पुष्कळ ठिकाणी वीरगळ कपडे धुण्याच्या दगडाच्या, नाही तर पायरीच्या रूपात सापडतो. घरच्या बाईला त्याचे महत्त्व समजावून सांगितले तर ती स्वतःच तो उचलायला लावून देवळात नेऊन ठेवते. न सांगता फोटो काढून निघून गेलेल्या माणसाचा मात्र गाव पुढे कायम संशय घेते.

नोंद करण्याचे काम बरेचसे असे बोलण्याचेच आहे. नकाशे आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पायवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ चा आहे आणि त्यात घाटांची माहिती आहे. आता उपग्रहाची चित्रे मोबाइलवर दिसतात. तरी नकाशावरच्या तुटक रेषेला नाव नसते. टेपाचे नाव, ओढ्याचे नाव, विसाव्याच्या दगडाचे नाव माणसांकडूनच येते आणि ते विचारण्याची रीत शिकावी लागते. ‘आजोबा, ही वाट कुठं जाते?’ असे विचारले तर ‘खाली कोकणात’ एवढेच उत्तर मिळते. ‘आजोबा, तुमच्या लहानपणी मीठ कुठनं आणायचे?’ असे विचारले की गोष्ट सुरू होते : पहाटे कोंबडा आरवायच्या आत निघायचे, कुठे भाकरी सोडायची, कुठल्या झऱ्याचे पाणी चैतात आटते, कुठल्या वळणावर बैल बुजतो, खाली कोणाच्या पडवीत रात्र काढायची, परतताना ओझे असल्याने किती जागी टेकायचे. त्या एका बोलण्यात पंधरा-वीस ठिकाणांची नावे क्रमाने येतात. हे सगळे टिपून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच नातवाला बरोबर घेऊन चालायचे. बायकांना वेगळे विचारावे. पाणवठे, रानभाज्या, सरपणाच्या वाटा आणि माहेरच्या वाटेवरचे देव त्यांना पुरुषांपेक्षा अधिक माहीत असतात. पण ओसरीवर पुरुष बसलेले असताना त्या बोलत नाहीत. घाटमाथ्यावरच्या धनगरांकडे जावे ते सकाळी, जनावरे रानात जाण्यापूर्वी. कड्याच्या काठाने आडवी जाणारी वाट, जिच्याबद्दल पुस्तकांत काहीच नसते, ती त्यांनाच पाठ असते.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्यात इथे पाऊस बेसुमार असतो, धुके असते आणि नाळांतून दगड येतात. पाऊस सरल्यावरही गवत आणि कारवी माणसापेक्षा उंच असते, त्यामुळे बांधणीचे अवशेष दिसत नाहीत. गवत वाळते, काही ठिकाणी वणवे लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन उघडी पडते तेव्हा जोती, टाकी, फरसबंदी दिसू लागते. मग मात्र ऊन आणि पाण्याची टंचाई. नाळांमध्ये आग्या मोहोळ असते. तिथे मोठ्याने बोलू नये, विडी पेटवू नये, अत्तर लावून जाऊ नये, हे बरोबरचा वाटाड्या सांगतो आणि ते ऐकावे. वनखात्याची परवानगी लागते तिथे ती घ्यावी.

भाटघर धरणाच्या पोटातल्या खुणांचा हंगाम याहून लहान आहे. वेळवंडी नदीवरचे हे धरण, पूर्वीचे लॉइड धरण, १९२८ मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयाला शिवाजी महाराजांचे सहकारी येसाजी कंक यांचे नाव आहे. कंकांचे भुतोंडे गाव याच वेळवंड खोऱ्यातले. खोऱ्यातली जुनी वाट, शेते आणि देवळे पाण्याखाली गेली. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खूप उतरले की कांबरे गावाजवळचे कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. पावसाने धरण भरू लागले की ते पुन्हा बुडते. त्या थोड्या आठवड्यांत गाळात उमटलेली जुनी वाटही काही ठिकाणी ओळखता येते. नीरा-देवघरने हिरडस मावळातली अशीच जागा घेतली. धरणांनी पूर्वेकडच्या शेतांना पाणी दिले, त्या पाण्यावर हजारो घरे उभी आहेत; तरी पुनर्वसनात दूर गेलेल्या कुटुंबांबरोबर वाटांची नावेही दूर गेली. ती विचारायची तर आता त्या नव्या वसाहतींत जावे लागते.

कागदांच्या बाबतीत भोर तालुका भाग्यवान आहे. कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात जपून ठेवलेली जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, या तिथीला तिचा मोठा आधार आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने पुढे स्वीकारली. एका मावळी घराच्या पेटाऱ्यातले कागद साऱ्या महाराष्ट्राचा इतिहास दुरुस्त करू शकतात, हे या एका उदाहरणाने दिसले. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, तोवर पंतसचिवांच्या कारभाराचे कागद इथे निर्माण होत होते. वतनदारांच्या घरांत आजही मोडी कागदांच्या गुंडाळ्या असतात. त्यांत लढाया क्वचितच असतात. शिवेचे तंटे, देवस्थानचे हक्क, वाटेच्या राखणीचे आणि जकातीचे उल्लेख असतात. घाटवाटांचा इतिहास लिहायला हेच कागद हवेत.

गेल्या काही वर्षांत किल्ल्यांकडे लक्ष पुष्कळ वाढले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यात राजगड आहे. ही आनंदाची आणि अभिमानाची गोष्ट आहे. पण राजगडाला ज्या वाटांनी रसद गेली त्या वाटांना कसलेच संरक्षण नाही. तट, बुरूज, दरवाजा यांना वारसा मानायची सवय लागली आहे. तीनशे वर्षे ओझे पेलणारी दगडी रचाई रस्त्याच्या रुंदीकरणात एका दिवसात उकरली जाते आणि त्याची कुठे नोंदही होत नाही. घाटमाथ्यावर जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. कुंपणे पडली की वाट अडते आणि दोन पावसाळे कोणी चाललेच नाही की कारवी तिला गिळते. वरंध्यात दरडी कोसळतात, पावसाळ्यात रस्ता वाहनांना बंद होतो. २२ जुलै २०२१ च्या पावसात घाटाच्या पायथ्याकडची महाड तालुक्यातली तळीये वाडी दरडीखाली गेली. डोंगर कापताना जुन्या माणसांनी कोणती सोंड निवडली आणि कोणती टाळली, याचा अभ्यास म्हणूनही या वाटांकडे पाहायला हवे. बैलांच्या वाटा पाणी वाहून येते त्या उतारांना टाळून धारेवरून काढलेल्या आहेत, हे मढे आणि उपांड्या या दोन्ही घाटांत चालताना स्पष्ट दिसते.

नोंद कशी असावी याबद्दल अनुभवी मंडळींचे आता बरेच एकमत आहे. सुटे टाके, सुटे देऊळ, सुटा वीरगळ अशी यादी अपुरी पडते. माथ्यावरच्या शेवटच्या घरापासून कोकणातल्या पहिल्या घरापर्यंत सलग वाट नोंदवावी : प्रत्येक विसावा, पाणी, देव, फाटा, बांधीव भाग, आणि प्रत्येक ठिकाणचे नाव वरच्या गावात काय, खालच्या गावात काय. दोन्हीकडची नावे पुष्कळदा निराळी असतात, म्हणून खाली उतरून तिथेही विचारल्याशिवाय काम पुरे होत नाही. सांगणाऱ्याचे वय आणि गाव लिहावे, त्याने स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. नोंदीची एक प्रत गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत द्यावी. दगड, मूर्ती, शिळा जागेवरून हलवू नयेत. हलवणे भागच असेल तर मूळ जागेचे छायाचित्र आणि खूण आधी घ्यावी.

ओझ्याच्या बैलाबरोबर मढे घाट किंवा उपांड्या घाट स्वतः उतरलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. भोर-वेल्ह्यातल्या ज्या वाचकाच्या घरी असे आजोबा किंवा अशी आजी असेल, त्याने येत्या उन्हाळ्याची वाट न पाहता याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसून मिठाच्या वाटेबद्दल विचारावे आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.